बायोलॉजीच्या वर्गात आत्या

शरदिनीनं बायोलॉजी घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो फीचा. बेडकांचा विषय नंतर आला.

तिचे वडील नीलकंठशास्त्री बनारसला दूधविनायकाजवळच्या एका पाठशाळेत व्याकरण शिकवत. पगार पस्तीस रुपये. शिवाय नागपूर-वऱ्हाडाकडचे यात्रेकरू घरी उतरत. त्यांच्या जेवणाखाणातून आणि श्राद्धांतून थोडंफार सुटे. किनलॉक कॉलेज शहराबाहेर, छावणीच्या रस्त्याला होतं. तिथं इंटरच्या सायन्सची फी महिन्याला आठ रुपये, प्रयोगशाळेचे दोन वेगळे, मोडतोडीपोटी अनामत पंधरा. त्यावर चाकू-चिमट्यांची पेटी, पुस्तकं आणि रोजचं इक्क्याचं, म्हणजे एकघोडी टांग्याचं, भाडं. मुलींना फी निम्मी होती. मुली येतच नसल्यामुळे ही सवलत कॉलेजला महाग पडत नव्हती.

शरदिनीला डॉक्टर व्हायचं होतं. हायस्कूलच्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात आली होती आणि आईबापांना एकुलती एक होती. नीलकंठशास्त्र्यांनी बरेच दिवस विचार केला आणि शेवटी म्हणाले, "बघू एक वर्ष." हे १९३५ साल.

वर्गात तीस-पस्तीस मुलं होती. निम्मी बंगाली; डॉक्टर, वकील आणि पोस्टमास्तरांची. त्याखालोखाल कायस्थ. मग खत्री, अगरवाल, बलियाकडच्या एका जमीनदाराचा मुलगा, मदनपुऱ्यातल्या साड्यांच्या व्यापाऱ्याचे दोन मुसलमान मुलगे आणि मिशनमध्ये वाढलेला एक ख्रिस्ती. पुरोहितांच्या घरची मुलं या वर्गात दिसत नसत. ती सायन्सला आलीच तर गणित घेत, कारण गणितात काही कापावं लागत नाही. अपवाद एका विश्वेश्वरचा. हा भोसले घाटाजवळ राहणारा मराठी मुलगा. वडील लहानपणीच गेलेले, म्हणून मामाकडे, म्हणजे ढुंढिराज दीक्षितांकडे वाढलेला. मराठी मुलांपैकी एखादा तरी डॉक्टर व्हावा म्हणून कुणा सावकारानं वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, ठेवला होता, तो त्याला मिळाला होता.

मुली दोन होत्या. शरदिनी आणि भेलूपुऱ्यातल्या डॉक्टर मुखर्जींची बकुळ. दोघींचं बाक पहिल्या रांगेत, भिंतीला लागून. बकुळची घोडागाडी चौकातून शरदिनीला घेऊन जाई, त्यामुळे इक्क्याचा खर्च वाचला. पहिलं वर्ष असं सुरळीत गेलं. गांडूळ झालं, झुरळ झालं, फुलांचे उभे-आडवे छेद झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत बकुळचं लग्न ठरलं आणि ती कलकत्त्याला गेली. तिच्याबरोबर गाडीही गेली.

जुलैत नीलकंठशास्त्री दुसऱ्या वर्षाची फी भरायला गेले तेव्हा प्रिन्सिपॉलनं त्यांना आत बोलावलं. एवढ्या मुलग्यांत एकट्या मुलीला बसवायची जबाबदारी कॉलेज घेणार नाही, असं तो म्हणाला. घरातली एखादी वयस्क बाई रोज वर्गात हजर राहणार असेल तर गोष्ट वेगळी. प्रिन्सिपॉल इंग्रज होता आणि बनारसमध्ये बरीच वर्षं काढलेला होता. अशी बाई येणार नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. सरळ नाही म्हणण्याऐवजी त्यानं ही अट घातली होती.

नीलकंठशास्त्र्यांनी घरी येऊन हे सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज फारसा दुःखी नव्हता.

"म्हणजे संपलं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्या शरदिनीची आई. "मी जाऊन बसू म्हणता काय? आले-गेले कोण बघणार?"

शरदिनी उठून जिन्यात जाऊन बसली.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "मी जाईन."

सीताआत्या नीलकंठशास्त्र्यांची थोरली बहीण. लग्न झालं तेव्हा ती खेळत्या वयाची होती आणि नवरा गेला तेव्हाही खेळत्याच वयाची होती. तेव्हापासून ती या घरात होती. डोक्याचं वपन, अंगावर तांबडं आलवण. पहाटे बालाजी घाटावर स्नान, मग ओलेत्यानं पाणी भरणं, मग सोवळ्यात स्वयंपाक. घरचा आणि यात्रेकरूंचा. तिच्या हातच्या पुरणाची नागपूरपर्यंत कीर्ती होती. ती स्वतः एक वेळ जेवे.

"अक्का, तिथं बेडूक कापतात," नीलकंठशास्त्री म्हणाले.

"ठाऊक आहे. शरू सांगते की रोज."

"आणि सोवळं?"

"यांचे तास दुपारचे. सकाळचा स्वयंपाक करून निघेन. परत आले की स्नान. रात्री तसंही कोण जेवतं एवढं?"

नीलकंठशास्त्र्यांना नाही म्हणायला कारण शोधावं लागलं आणि ते लगेच सापडलं नाही. थोरल्या बहिणीनं आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. "दोन दिवसांत कंटाळशील," ते म्हणाले, आणि तो होकार धरला गेला.

पहिल्या दिवशी सीताआत्या वर्गात आली तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. लाल लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर, हातात जपमाळेची कापडी पिशवी, गोमुखी. प्रोफेसर दिनानाथ सान्याल पन्नाशीचे, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी चपराशाकडून एक स्टूल मागवलं, शरदिनीच्या बाकामागे भिंतीशी ठेवलं आणि वर्गाकडे वळून म्हणाले की या बाईंसमोर जो हसेल त्याचं हसू मी मार्कांत धरीन. हसू थांबलं. पण वर्गाबाहेर चालूच राहिलं. 'रेड सिग्नल' असं आत्याचं नाव पडलं.

शरदिनीला ते नाव तिसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी परत येताना इक्क्यात ती तोंड फिरवून बसली. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराशी थांबून म्हणाली, "आत्या, तू बाहेर व्हरांड्यात बसशील का? तिथं वाराही आहे."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. "हवं तर बसते."

ती व्हरांड्यात बसली. तिथं ऊन होतं, वारा नव्हता. बायोलॉजीचा तास संपून केमिस्ट्रीचा सुरू झाला तेव्हा ऑफिसातला कारकून तिथून गेला आणि त्यानं ते प्रिन्सिपॉलला सांगितलं. चिठ्ठी आली की बाई आत बसणार असेल तरच मुलगी आत बसेल. केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांनी चिठ्ठी भर वर्गात मोठ्यानं वाचली. शरदिनी उठली, बाहेर जाऊन आत्याला आत घेऊन आली. तिचे कान लाल झाले होते. आत्या स्टुलावर बसली आणि गोमुखीत हात घालून जप करू लागली. या प्रकाराबद्दल दोघी पुढे कधीच बोलल्या नाहीत, आणि शरदिनीनं तिला पुन्हा बाहेर बसायला सांगितलं नाही.

पावसाळ्यात बेडूक मुबलक असत, म्हणून त्यांची चिरफाड तेव्हाच सुरू होई. वरुणा नदीकाठचा एक मल्लाह, म्हणजे नावाडी, ओल्या गोणपाटात ते घेऊन येई. काचेच्या बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा टाकायचा, बेडूक निपचित पडला की मेण ओतलेल्या ताटात उताणा ठेवून हातापायांत टाचण्या मारायच्या, ताटात पाणी भरायचं आणि पोटाची कातडी कापायची. पहिल्या दिवशी जमीनदाराचा मुलगा बाहेर जाऊन ओकला. शरदिनी ओकली नाही, पण तिनं कातडीबरोबर खालचा स्नायूही कापला. आत्यानं डोळे मिटून घेतले होते. ओठ जपात हलत होते.

असे काही आठवडे गेले. आत्या येत होती, जप करत बसत होती, परतताना बालाजी घाटावर उतरून स्नान करून घरी जात होती. कधी डोळे उघडे असत, कधी मिटलेले. शरदिनीला कळत नसे, कारण ती पाठमोरी असे.

थंडी पडू लागली तेव्हा ती गोष्ट घडली.

तास संपत आला होता. मुलं ताटं धुवायला नेत होती. आत्या मधे उठून हात बरबटलेल्या शरदिनीचा चष्मा पदरानं पुसून द्यायला गेली होती आणि गोमुखी स्टुलावर होती. परत येऊन ती बसली, नेहमीप्रमाणे गोमुखीत हात घातला आणि तसाच थांबवला. मग हात बाहेर काढला. हातात बेडकाचा पाय होता, मांडीपासून तोडलेला, कातडी सोललेला.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग एकदम सगळं शांत झालं, कारण पुढे काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. बाई किंचाळेल असं काहींना वाटलं होतं. शरदिनीला वाटलं, आता आत्या उठून जाणार आणि परत येणार नाही.

आत्यानं तो पाय उलटासुलटा करून पाहिला. मग हिंदीत म्हणाली, "किसका है भैया? ले जाओ. तुम्हारा मेंढक लंगड़ा रह जाएगा."

वर्ग हसला. पण ज्याला हसू हवं होतं त्याच्या बाजूनं नव्हे.

सान्यालबाबू हसले नाहीत. त्यांनी सगळी ताटं परत टेबलावर मांडायला लावली आणि एकेक पाहत गेले. एका पायाचा बेडूक विश्वेश्वरच्या ताटात होता. तो पांढराफटक पडला. सान्यालबाबूंनी त्याला वर्गाबाहेर व्हायला सांगितलं आणि आपण आत्ताच प्रिन्सिपॉलकडे जातो असं म्हणाले. प्रिन्सिपॉलकडे गोष्ट गेली की वजीफा जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

आत्या पुढे झाली. "बाबूजी, जाने दीजिए. हमारे ही मुहल्ले का लड़का है." आणि विश्वेश्वरकडे वळून मराठीत म्हणाली, "तू दीक्षितांचा भाचा ना? तुझ्या बारशाला मीच लाडू वळले होते."

सान्यालबाबू दारातून मागे फिरले. मग त्यांनी त्याला सगळ्यांदेखत माफी मागायला लावली. विश्वेश्वरनं ती अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत मागितली आणि खाली मान घालून निघून गेला.

आत्यानं त्या संध्याकाळी माळ गंगेत धुतली. गोमुखी मात्र पाण्यात सोडून दिली. दुसऱ्या दिवसापासून तिनं माळ घरीच ठेवली. कॉलेजात आता तिच्या हाताला काही काम उरलं नाही, आणि डोळे मिटून नुसतं बसलं की झोप येई. म्हणून ती बघू लागली. आधी भिंतीशी बसून, मग स्टूल थोडं पुढे ओढून, मग शरदिनीच्या खांद्यामागे उभं राहून.

एके दिवशी शरदिनीच्या ताटात मादी आली. पोटाची कातडी बाजूला करताच काळ्या-पांढऱ्या दाण्यांचे झुबके वर आले. सगळं पोट त्यांनीच भरलं होतं. बाकीचं काही दिसेना. सान्यालबाबू ते झुबके कसे बाजूला करायचे ते सांगायला आले.

"ये सब अंडे हैं?" आत्यानं विचारलं.

"जी. हज़ारों होते हैं."

"और बचते कितने हैं?"

"दो-चार. कभी वो भी नहीं."

आत्या वाकून पाहत राहिली. मग तिनं विचारलं की मादीला ते कळत असेल का. सान्यालबाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ये किसी ने जाँचा नहीं है, माताजी," ते म्हणाले. त्यांनी कधी थट्टेनं उत्तर दिलं नाही. बहुधा म्हणूनच ती विचारत राहिली.

इकडे विश्वेश्वरनं घरी गोष्ट सांगितली. झाली तशी सांगणं त्याला शक्य नव्हतं. त्याच्या सांगण्यात गोमुखीही होती, बेडूकही होता आणि आत्याचा हातही होता. फक्त त्याचा स्वतःचा हात नव्हता. ढुंढिराज दीक्षितांनी ती ऐकली आणि एका सकाळी ते नीलकंठशास्त्र्यांकडे आले. मराठी ब्रह्मवृंदात त्यांचा शब्द मोठा होता. ते ओसरीवर बसले, पाणी नको म्हणाले. तेवढ्यावरूनच नीलकंठशास्त्र्यांना अंदाज आला.

"शास्त्रीबुवा, मुलीचं मी काही म्हणत नाही. काळ बदललाय," दीक्षित म्हणाले. "पण अक्का. मेलेलं जनावर हाताळायचं आणि त्याच हातानं ब्राह्मणांना वाढायचं? वऱ्हाडातली मंडळी तुमच्याकडे काय म्हणून उतरतात?"

"त्या रोज स्नान करतात."

"गोमुखीत बेडूक ठेवतात असं ऐकलं."

नीलकंठशास्त्र्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते गप्प राहिले आणि त्यांचं गप्प राहणं कबुलीसारखं दिसलं. त्या दिवसापासून सीताआत्यानं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. यात्रेकरूंचं अन्न अन्नपूर्णाबाईंनी करायचं.

अन्नपूर्णाबाईंना चाळीस पानांचा स्वयंपाक कधी करावा लागला नव्हता. पहिल्याच श्राद्धाला खीर लागली आणि वडे कच्चे राहिले. हात भाजला तो वेगळाच. रात्री त्या सीताआत्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "वन्सं, तुम्ही तिकडे बसून बेडूक बघता आणि मी इकडे धुरात मरते. शरूचं शिक्षण, पण त्याचा भार सगळा माझ्यावर. कधीपर्यंत चालायचं हे?"

यात खोटं काही नव्हतं. कॉलेजच्या फीत हा खर्च कुणी धरला नव्हता. आत्यानं त्यांच्या हाताला तूप लावून दिलं.

यात्रेकरू कमी होऊ लागले तेव्हा नीलकंठशास्त्र्यांनी मार्ग काढला. ते स्वतः दीक्षितांकडे गेले, बोलणी केली आणि परत येऊन बहिणीला समोर बसवलं. अन्नपूर्णाबाई दारात उभ्या होत्या. शरदिनी वह्या घेऊन कोपऱ्यात बसली होती.

"अक्का, दीक्षित तयार झाले आहेत. एक दिवस उपास, पंचगव्य घ्यायचं आणि कॉलेजात जाणं बंद. मग सगळं पहिल्यासारखं."

"पहिल्यासारखं म्हणजे?"

"म्हणजे स्वयंपाकघर तुझं."

"प्रायश्चित्त घेतलं की परत चूल?"

"हो. कुणी काही बोलणार नाही."

सीताआत्यानं थोडा विचार केला. "मग राहू दे," ती म्हणाली.

नीलकंठशास्त्र्यांना वाटलं की आपण नीट ऐकलं नाही. "काय राहू दे?"

"प्रायश्चित्त. नीलू, मला चुलीपुढे बसून किती वर्षं झाली ते मी मोजलं नाही. पण त्या स्टुलावर मला कुणी ऊठ म्हणत नाही, पाणी आण म्हणत नाही. मी दुपारभर बसते. बघते. कळत नाही ते विचारते आणि तो माणूस सांगतो. मला बरं वाटतं."

"आणि घराचं काय?"

"सोवळ्याचं नको असेल तर बाकीची कामं करीन. वहिनी, तुला भाज्या चिरून देईन, दळून देईन. पण कॉलेजात मी जाणार."

शरदिनी ऐकत होती. आत्या इतके दिवस आपल्यासाठी येते, आपल्यासाठी लोकांचं बोलणं सोसते, असं ती धरून चालली होती, आणि त्याचं तिला ओझंही वाटत होतं. ते ओझं आता उतरलं. पण उतरताना थोडं लागलं. आत्याच्या त्या बोलण्यात तिचं नाव एकदाही आलं नव्हतं.

नीलकंठशास्त्री संतापले, मग दोन दिवस बोलले नाहीत, मग बोलू लागले. पाठशाळेतला पगार चालूच होता. यात्रेकरूंपैकी काही जण नव्या हवेचे होते, त्यांना बेडकाशी कर्तव्य नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी एक स्वयंपाकीण ठेवली आणि पानांची संख्या कमी केली. घर जरा ओढगस्तीनं, पण चाललं.

मार्चमध्ये परीक्षा आली. प्रॅक्टिकलसाठी बाहेरगावचा परीक्षक होता, करड्या मिशांचा, कुणाचं न ऐकणारा. परीक्षार्थींशिवाय आत कुणी नको, असं त्यानं सांगितलं. प्रिन्सिपॉलनं आपली अट सांगितली. परीक्षक म्हणाला, बोर्डाच्या नियमांत आत्या नाहीत. शेवटी दार उघडं ठेवायचं आणि आत्यानं व्हरांड्यात बसायचं असं ठरलं.

शरदिनीला बेडकाच्या रक्ताभिसरणातल्या रोहिण्या दाखवायच्या होत्या. तिनं टाचण्या मारल्या, कातडी कापली, आणि छातीचं हाड उचलताना बेडकाचा मागचा पाय झटकन ओढला गेला. क्लोरोफॉर्म कमी पडला होता. तिच्या हातातली कात्री ताटात पडली. तिनं सवयीनं मागे पाहिलं. मागे भिंत होती. स्टूल उचलून बाहेर नेलेलं होतं.

परीक्षक दोन टेबलं पलीकडे होता. शरदिनीनं श्वास घेतला, बोळा भिजवून बेडकाच्या नाकावर धरला आणि थांबली. घड्याळ पुढे जात होतं. शेजारचा मुलगा रोहिण्यांच्या फांद्यांपर्यंत पोचला होता. पाय पुरता ढिला पडल्यावरच तिनं कात्री उचलली. परीक्षक आला तेव्हा तिचं डाव्या बाजूचं काम अर्धंच झालं होतं.

"धिस साइड इज क्लीन," तो उजवीकडे बोट दाखवून म्हणाला. "व्हाय सो लेट?"

"इट वॉज अलाइव्ह, सर."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पुढे गेला.

निकाल जूनमध्ये लागला. शरदिनी दुसऱ्या वर्गात पास झाली. विश्वेश्वरही पास झाला, तिच्यापेक्षा चार मार्क जास्त घेऊन. लखनौच्या मेडिकल कॉलेजासाठी दोघांनी अर्ज केले. दोघांनाही जागा मिळाली नाही. विश्वेश्वर पुढे रेल्वेत कारकून झाला. शरदिनीला प्रांतिक सरकारचा मुलींसाठीचा वजीफा मिळाला. सायन्स घेणाऱ्या मुली इतक्या थोड्या होत्या की दुसऱ्या वर्गालाही तो मिळे. लखनौला बी.एस्सी. करायचं, वसतिगृहात राहायचं आणि पुढच्या वर्षी मेडिकलचा पुन्हा अर्ज करायचा, असं ठरलं.

कॉलेजातून दाखला आणायला ती एकटीच गेली होती. सान्यालबाबूंनी तिला चहा पाजला आणि सहज विचारलं, "आत्याजींनी नकार का दिला?"

"कशाला?"

मग तिला कळलं. या वर्षी तीन मुलींचे वडील चौकशीला आले होते. दोन बंगाली आणि एक कायस्थ. तिघांनीही एकच विचारलं होतं: ती मराठी बाई वर्गात असते ना? असेल तर मुलीला पाठवतो. प्रिन्सिपॉलनं वरून मंजुरी आणली होती, मुलींच्या देखरेखीसाठी एक जागा, महिना बारा रुपये. त्यानं नीलकंठशास्त्र्यांना बोलावून सांगितलं होतं. शास्त्र्यांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं होतं आणि घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

शरदिनी घरी आली. वडील, म्हणजे अण्णा, ओसरीवर मुलांचा पाठ घेत होते. तिनं त्यांच्यासमोर दाखला ठेवला, त्यांनी तो पाहिला, मान हलवली. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. आत्या नोकरीला लागली तर अण्णांना कोण काय म्हणेल, आईचं काय होईल, हे सगळं तिला दिसत होतं, आणि ती स्वतः तर महिन्याभरात लखनौला जाणार होती. न सांगितलं असतं तर कुणालाच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आत्याबरोबर बालाजी घाटावर गेली. आत्या पायरीवर लुगडं पिळत होती. शरदिनीनं दुसरं टोक धरलं आणि पिळता पिळता सगळं सांगितलं.

आत्याचे हात थांबले नाहीत. "तीन मुली?"

"हो. आणखी एखादी येईलही म्हणाले."

"बारा रुपये कशाचे?"

"बसायचे."

आत्या हसली. शरदिनीनं तिला असं मोठ्यानं हसताना फारसं ऐकलं नव्हतं. शेजारी संध्या करणाऱ्या एका भटजींनी वळून पाहिलं.

त्याच दिवशी सीताआत्या एकटीनं इक्का करून कॉलेजात गेली. सान्यालबाबूंनी दुभाष्याचं काम केलं. कागदावर तिनं मोडीत सही केली; नागरी तिला वाचता येई, लिहायचा सराव नव्हता.

घरी मात्र वादळ उठलं. नीलकंठशास्त्र्यांचा आवाज गल्लीत ऐकू गेला. "आजवर शिक्षणासाठी म्हणून सांगत होतो. आता काय सांगू? शास्त्र्याची बहीण बेडकांच्या कारखान्यात पगार खाते?"

"तसंच सांग," आत्या म्हणाली. "खरंच आहे ते."

"मी तुला काही कमी केलं का, अक्का? अन्न, वस्त्र, कशाला नाही म्हटलं?"

"नाही रे. तू कधी काही कमी केलं नाहीस." ती त्याच्याजवळ बसली. "पण ते सगळं तू दिलंस. हे मला बोलावून देताहेत."

उत्तर अन्नपूर्णाबाईंनी दिलं. त्या म्हणाल्या की पगारातले पाच रुपये घरात द्या, म्हणजे स्वयंपाकिणीचं भागेल. आत्या लगेच हो म्हणाली. तो वाद तेवढ्यावर मिटला नाही, पण त्याच्या पुढे काही गेलाही नाही. दीक्षितांकडची आमंत्रणं मात्र त्या घराला पुन्हा कधी आली नाहीत.

शरदिनी जुलैच्या मधल्या आठवड्यात लखनौला निघाली. स्टेशनवर आई आणि अण्णा होते. ट्रंक चढवून झाली, खिडकीची जागा मिळाली. आत्या आली नव्हती. त्या दिवशी पहिल्या वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकल होतं आणि तीन नव्या मुलींना गांडूळ धरायचं होतं. सुट्टी मागते असं ती एकदाही म्हणाली नव्हती.

"मी सांगितलं होतं तिला, एक दिवस नाही गेलीस तर काय होतंय," अण्णा खिडकीशी येऊन म्हणाले. "म्हणाली, त्या पोरी घाबरतील."

"बरोबर आहे," शरदिनी म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, आणि ते दिसू नये म्हणून ती पदरानं खिडकीचा गज पुसत होती.

अण्णांनी ट्रंक बाकाखाली नीट सरकली आहे ना ते खिडकीतून पाहिलं. "गांडुळाला खरंच रक्त असतं का गं?" त्यांनी विचारलं. "अक्का परवा सांगत होती."

"असतं, अण्णा. तांबडंच."

"अस्सं," ते म्हणाले. तोवर गार्डनं शिट्टी दिली होती.